विजेच्या तारेतून इंटरनेट : खर्च कोणाच्या नावे?

जव्हार सोडून मोखाड्याच्या वाटेला लागले की वळणावळणाला मोबाइलच्या पडद्यावरील रेघा एकेक करून मावळू लागतात. विजेचे खांब मात्र साथ सोडत नाहीत. ते दरीत उतरतात, टेकाड चढतात, मुख्य रस्ता सोडून एखाद्या पाड्याकडे वळतात. वीज बेभरवशाची असेल, पावसाळ्यात झाड कोसळून दोन-दोन दिवस गायब होत असेल. पण तार तिथवर गेलेली आहे, एवढे खरे. साहजिकच या दोन तालुक्यांतून महाविद्यालयात आलेला एखादा विद्यार्थी कधीतरी विचारतोच : "सर, घरात तार आलीच आहे, तर तिच्यातूनच इंटरनेट का सोडत नाहीत?"

प्रश्न भाबडा नाही. त्यामागचा हिशेबही चुकीचा नाही. पाड्यांची वस्ती विखुरलेली. दहा-वीस घरांसाठी मनोरा उभारणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या, तेव्हा ज्यांच्या हाती मोबाइल नव्हता, आणि असला तरी त्याला रेघ नव्हती, अशा या परिसरातील मुलांसाठी दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' भरवली. ध्वनिमुद्रित धडे गावात कर्ण्यावरून ऐकवायचे आणि मुलांनी अंतराअंतराने बसून ते ऐकायचे. गेल्या शतकात शोभावा असा तो उपाय या शतकात करावा लागला, आणि तोच उपयोगी पडला. अशा प्रदेशात आधीच पोहोचलेल्या तारेचा दुहेरी उपयोग करावा असे कोणास वाटले, तर नवल नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर एकदा करून चुकलेल्या भांडवली खर्चावर दुसरे उत्पन्न मिळवण्याचा हा मार्ग आहे. परंतु या व्यवहारात असा एक खर्च आहे, की जो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तो कोण भरतो हे पाहिल्याशिवाय या सोयीला स्वस्त म्हणता येणार नाही.

ही कल्पना कोणाच्या डोक्यातून नुकतीच निघालेली नव्हे. 'ब्रॉडबँड ओव्हर पॉवर लाइन्स' या नावाने ती जगात पाव शतकाहून अधिक काळ फिरत आहे. तिचे तंत्र थोडक्यात असे. तारेतील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. त्याच तारेवर २ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस लाख ते तीन कोटी आवर्तनांचे अतिशय क्षीण संदेश चढवता येतात आणि दुसऱ्या टोकाला गाळणी लावून ते वेगळे काढता येतात. पन्नास आवर्तनांची वीज दिवा पेटवते, कोट्यवधी आवर्तनांचा संदेश संगणकाला मिळतो. एकाच पाटातून दोन प्रवाह. ऐकायला मोठे मोहक आहे.

अडचण पाटाला बांध नाही ही आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात, त्यामुळे एकीतून जे बाहेर पडू पाहते ते दुसरी बहुतांशी निस्तेज करते. केबल टीव्हीच्या तारेवर धातूच्या जाळीचे वेष्टन असते. खांबावरची विजेची तार मात्र उघडी. शेजारच्या तारेपासून हातभर दूर, जागोजागी फाटे फुटलेली, रोहित्रापाशी तुटून पुन्हा सुरू होणारी. पन्नास आवर्तनांच्या विजेला याने काही फरक पडत नाही. पण तिच्यातून मेगाहर्ट्झचे संदेश सोडले की ती तार राहत नाही, कोसच्या कोस पसरलेले एरियल होते. संगणकासाठी सोडलेले संदेश आकाशात पाझरू लागतात आणि आसपासच्या रेडिओवर अखंड खरखर होऊन उमटतात.

लघुलहरींची वस्ती

आता २ ते ३० मेगाहर्ट्झ हा पट्टा काही ओसाड माळ नाही. यालाच आपण लघुलहरींचा पट्टा म्हणतो. अरबी समुद्रावरून जाणारी विमाने किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मुंबईशी बोलतात ती या लहरींवर. जहाजे, सैन्यदले, परदेशी नभोवाणी केंद्रे यांची वस्ती येथेच आहे. आणि येथेच, अधूनमधून राखून ठेवलेल्या अरुंद पट्ट्यांत, हौशी रेडिओवाले राहतात. जग त्यांना 'हॅम' म्हणते.

हे लोक कोण, असे आजच्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरात प्रक्षेपक आणि ग्राहक संच चालवणारे हे नागरिक. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, शाळकरी मुले आहेत. १९७८ च्या नियमांनी या सेवेला आपल्याकडे चौकट दिली. त्यांना या लहरींवरून धंदा करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत. केवळ शिकणे, प्रयोग करणे आणि प्रसंगी कामी येणे, एवढ्यासाठीच परवाना मिळतो. राजीव गांधी यांच्याकडे असा परवाना होता, हे पुष्कळांना ठाऊक असते. तुलनेने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटर लहरींवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर बोलत असे. हौशी मंडळींचा आजचा चाळीस मीटरचा पट्टा नेमका तोच. त्या प्रक्षेपकाच्या जुळणीत, युद्धामुळे परवाने रद्द झालेल्या हौशी रेडिओवाल्यांचे ज्ञान उपयोगी पडले होते.

संच परदेशी आणि महागच असला पाहिजे, असेही नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी भारतीय हौशी मंडळींसाठी 'बिटएक्स' नावाचा लघुलहरी संच आखला. परदेशी गाभ्याऐवजी नळाच्या साध्या वायसरवर वेटोळी गुंडाळून तो घरी बनवता यावा, अशी त्याची रचना होती. पुढे जगभरच्या लोकांनी तो बनवला.

जव्हार-मोखाड्याला याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. मोबाइलच्या आणि पोलिसांच्या हातातील वॉकीटॉकीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की संपल्या. लघुलहरींचे तसे नाही. तीन ते सात मेगाहर्ट्झच्या लहरी खालच्या उंचीवर आडव्या बांधलेल्या तारेतून थेट डोक्यावर सोडल्या, तर त्या आयनांबरावर आपटून पावसासारख्या खाली येतात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात सगळीकडे पडतात, दरीतही आणि डोंगराच्या पाठीमागेही. जव्हारहून पालघर, ठाणे, नाशिक, मुंबई ही सारी ठिकाणे सरळ अंतराने दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. दोन झाडांना बांधलेली वीस मीटर तार, मोटारीची बॅटरी आणि वीस वॅटचा संच एवढ्या सामग्रीवर वाघ नदीच्या खोऱ्यातल्या एखाद्या पाड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी बोलता येते. मध्ये मनोरा नाही, तार नाही, कंपनीही नाही.

असे बोलण्याची वेळ येते का? २६ जानेवारी २००१ ला भुजचे टेलिफोन मातीत गेले, तेव्हा बाहेरून गेलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी तेथे केंद्रे मांडली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांची तुकडी हौशी प्रक्षेपणाच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होती; अंदमान-निकोबारचा मुख्य भूमीशी संपर्क तुटल्यावर आप्तांची खुशाली पोहोचवण्याचे काम तिने केले. आपल्या राज्यात २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा मोबाइल आणि वीज दोन्ही बंद होती. ही वार्ता बाहेर पोहोचण्यास आणि मदत आत जाण्यास तास मोजावे लागले. जव्हार-मोखाड्याचा भूगोल तळियेहून फार वेगळा नाही. तोच पाऊस, तेच उतार, तेच एकेरी घाटरस्ते.

मिठाईवाला आणि डॉक्टर

या ठिकाणी थोडे अर्थशास्त्र सांगणे भाग आहे, आणि सुदैवाने ते कंटाळवाणे नाही. एकाच्या उद्योगाचा त्रास दुसऱ्याला झाला तर त्याचा निवाडा कसा करावा, या प्रश्नावर रोनाल्ड कोस यांचा १९६० चा निबंध आजही प्रत्येक वर्गात शिकवला जातो. १९९१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या निबंधाचा उगम रेडिओच्या व्यत्ययात आहे, हे मात्र पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. आदल्याच वर्षी कोस यांनी अमेरिकेच्या दळणवळण आयोगावर लेख लिहून लहरींचे वाटप कसे व्हावे याची चर्चा केली होती. शिकागोच्या अर्थतज्ज्ञांना ती पटेना. एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी वीसेक जण त्यांना चूक ठरवण्यासाठी जमले आणि रात्री त्यांचेच म्हणणे मान्य करून उठले, अशी आख्यायिका आहे.

त्या निबंधात कोस यांनी १८७९ चा एक इंग्रजी खटला घेतला आहे. लंडनमध्ये एक मिठाईवाला खलबत्ते चालवून साखर कुटत असे. शेजारच्या डॉक्टरने त्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, आणि रोग्याच्या छातीला नळी लावून ऐकू लागताच त्याच्या लक्षात आले की खलबत्त्याच्या धक्क्यांत काही ऐकूच येत नाही. लघुलहरींचा प्रश्न याहून निराळा नाही. हौशी रेडिओवालाही दूरचा क्षीण ठोका कान लावून ऐकत असतो, आणि शेजारी कोणीतरी कुटण सुरू केलेले असते.

कोस यांचे म्हणणे असे की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला काही खर्च पडत नसेल, तर मिठाईवाला आणि डॉक्टर आपसांत सौदा करतील. ही अट वाचूनच आपल्या मर्यादा कळतात. एका बाजूस राज्यभर जाळे असलेली वीज कंपनी आणि दुसऱ्या बाजूस एका तालुक्यात फार तर दोन-चार परवानाधारक. यांच्यात सौदा होणार कसा? शिवाय खरे नुकसान त्या दोघा-चौघांचे नाहीच. दहा वर्षांनी एखाद्या रात्री ज्याच्या घरावर दरड येईल त्याचे ते आहे, आणि तो आज वाटाघाटीच्या टेबलाशी बसू शकत नाही, कारण तो कोण हे त्यालाही माहीत नाही. लाभ एकाच्या नावे आणि खर्च दुसऱ्याच्या, हा हिशेब मोखाड्याच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. मध्य वैतरणेचे पाणी त्याच्या तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच्या पाड्यावर टँकर येतो.

यावर एक हुशार आक्षेप घेतला जातो. आपत्तीत वीज जाते. वीज गेली की तारेतले इंटरनेटही गेले आणि खरखरही गेली. मग तक्रार कशाची? आक्षेप अर्धा खरा आहे. आपद्ग्रस्त पाड्यावर शांतता होईल. पण बोलणाऱ्याचे कोणीतरी ऐकायचे असते, आणि तो ऐकणारा पालघरला किंवा ठाण्याला असतो, जेथे दिवे चालू आहेत. खरखर नेहमी ऐकणाऱ्याच्या कानी असते, बोलणाऱ्याच्या नव्हे. तिची पातळी वीस डेसिबलने वाढली, म्हणजे शंभरपट झाली, तर वीस वॅटमध्ये होणारे काम व्हायला दोन हजार वॅट लागतील. मोटारीच्या बॅटरीवर ते होणे नाही.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपत्कालीन कौशल्य हे गोदामात ठेवून द्यायचे धान्य नाही. ज्याला रोज संध्याकाळी संच लावल्यावर नुसती खरखर ऐकू येते, तो महिना-दोन महिने चिडतो, वर्षभरात एरियल उतरवतो आणि मग संच विकून टाकतो. एका दिवसाच्या उपयोगासाठी उरलेले तीनशे चौसष्ट दिवस रिकामपणाचा उद्योग चालू राहावा लागतो. हिशेबनिसाला तो छंद दिसतो. समाजाच्या दृष्टीने तो विम्याचा हप्ता असतो, आणि तोही दुसऱ्याच कोणीतरी आपल्या खिशातून भरलेला.

मँचेस्टर ते मनॅसस

जगाचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर भागात नॉर्वेब ही वीज कंपनी आणि नॉर्टेल यांनी १९९७ साली ही क्रांती घडवण्याची घोषणा केली. रस्त्यावरचे दिव्याचे खांबच एरियलसारखे लहरी फेकू लागले, अशी त्या वेळी बरीच चर्चा झाली. १९९९ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २००४ मध्ये या तंत्राला नियम करून वाट दिली. त्या नियमांत विमानांच्या आणि तटरक्षकांच्या लहरींना संरक्षण मिळाले; हौशी मंडळींना मात्र त्रास झाल्यावर तक्रार करा, असे सांगण्यात आले. ज्याचा आवाज मोठा त्याची लहर सुरक्षित, असाच याचा अर्थ. हौशी रेडिओवाल्यांची जुनी संघटना, अमेरिकन रेडिओ रिले लीग, न्यायालयात गेली. आयोगाने आपल्याच तज्ज्ञांच्या अहवालांतील काही मजकूर झाकून ठेवला हे योग्य नव्हे, असा निकाल एप्रिल २००८ मध्ये लागला. एखाद्या सोयीच्या बाजूने सरकार आपल्याच तज्ज्ञांची पाने झाकू लागले, की नागरिकांनी कान टवकारावेत.

व्हर्जिनिया राज्यातील मनॅसस हे गावभर अशी सेवा देणारे पहिले अमेरिकन शहर म्हणून गाजले. २०१० च्या जुलैत तेथील नगरपालिकेने ती बंद केली. ग्राहक पुरेसे नव्हते आणि तोटा मात्र होता. आपल्याला अधिक बोधप्रद उदाहरण 'आयबेक' या कंपनीचे. आयबीएमच्या साहाय्याने ती खेड्यांतील वीज सहकारी संस्थांच्या तारांवरून इंटरनेट देत असे; म्हणजे आपल्या पाड्यांसारखीच विखुरलेली गिऱ्हाइके. एप्रिल २०११ मध्ये अलाबामात आलेल्या चक्रीवादळांनी खांब आणि यंत्रणा उद्ध्वस्त केली आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने धंदा आवरता घेतला. ज्या तारेवर वीज अवलंबून तिच्यावरच संपर्कही टांगला, की एका वादळात दोन्ही जातात.

खरखर हेच या तंत्राच्या अपयशाचे एकमेव कारण होते, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. टेलिफोनच्या तारेवरचे आणि केबलवरचे इंटरनेट त्याच काळात अधिक वेगवान व स्वस्त झाले, ही गोष्ट निर्णायक ठरली. पुढे तंत्र सुधारले, हे नमूद केले पाहिजे. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मानकानंतरच्या यंत्रांत हौशी पट्ट्यांपुरती 'खाच' पाडण्याची, म्हणजे तेवढ्या लहरी गाळण्याची सोय असते. घरातल्या घरात प्लगमधून इंटरनेट फिरवणारी लहान उपकरणे आपल्याकडेही विकत मिळतात आणि त्यांच्यापैकी चांगली उपकरणे ही शिस्त पाळतात. मैलोन्‌मैल उघड्या तारेवर ही शिस्त कितपत टिकेल, सांधे गंजल्यावर आणि फांद्या घासू लागल्यावर काय होईल, याची हमी कोणत्याही कारखान्याच्या प्रमाणपत्रात नसते.

मग त्या विद्यार्थ्याला उत्तर काय द्यावे? खांब तेच घे, तार ती घेऊ नकोस. काचतंतूची एक जात अशी आहे की तिच्यात धातूचा अंशही नसतो. ती विजेच्या तारांच्या खाली त्याच खांबांवरून स्वतःच्या बळावर लोंबत जाऊ शकते. तिच्यातून प्रकाश जातो. प्रकाश बाहेर पाझरून कोणाच्या रेडिओत खरखर करीत नाही. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. ग्रामपंचायतीपासून पाड्यापर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर हाच तिचा कच्चा दुवा आहे, आणि विजेचे खांब नेमके तेथेच उभे आहेत. झाड कोसळले तर हा तंतूही तुटेल, हे मान्य. म्हणूनच लघुलहरी मोकळ्या ठेवायच्या.

एवढ्याने लहरी मोकळ्या राहतील का, ही शंका रास्त आहे. विजेच्या तारेवरचे इंटरनेट जव्हार-मोखाड्यात आलेले नाही. त्याचे धाकटे भाऊबंद मात्र बाजारातून घरोघर आलेच आहेत. स्वस्त एलईडी दिवे, नाव-गाव नसलेले चार्जर, छपरावरच्या सौर पट्ट्यांचे इन्व्हर्टर, शेतातील सौर पंपांचे नियंत्रक : यांतील विद्युत् मंडले सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतात-तोडतात, आणि गाळणीवर चार पैसे वाचवले असतील तर तीच खरखर घरच्या तारांतून आकाशात सोडतात. सौर पंपांची खरेदी सरकारी अनुदानातून होते. निविदेत पाण्याचा दाब आणि मोटारीची शक्ती तपशीलवार लिहिलेली असते, तशी व्यत्ययाच्या मर्यादेचीही एक ओळ घालून तिची चाचणी घ्यायला हरकत नसावी. तहसील कार्यालयातील आपत्ती कक्षात रेडिओ संच बसवायचा झाल्यास, खोलीतले दिवे आणि संगणक चालू असताना सात मेगाहर्ट्झवर काय ऐकू येते, हे आधी ऐकून पाहावे.

घरच्या घरी हे ज्याला पाहायचे असेल, त्याने बॅटरीवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर बाहेर काढावा. मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा लावावी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तो घरभर फिरवावा. कोणत्या दिव्याशी, कोणत्या चार्जरशी खरखर वाढते हे कळेल. मग मेन स्विच बंद करावा. आवाज थांबला तर दोष घरातला. थांबला नाही तर शेजाऱ्याचा किंवा खांबावरचा.